दोन खासगी जाळी, एक संभाषण : इंटरनेट दूरध्वनीतील मध्यस्थाची चिकित्सा

प्रास्ताविक

इंटरनेट दूरध्वनीच्या तांत्रिक वाङ्मयात मध्यस्थाला, म्हणजेच एका पक्षाचा आवाज स्वीकारून तो दुसऱ्या पक्षाकडे पोचविणाऱ्या 'रिले' सर्व्हरला, सर्वांत खालचे स्थान देण्यात आले आहे. हे स्थान केवळ सूचित केलेले नाही, तर अंकांत नोंदविलेले आहे. इंटरनेटची मानके 'आरएफसी' या क्रमांकित दस्तऐवजमालेत प्रसिद्ध होतात. दोन संगणकांमध्ये संभाषणाची वाट शोधण्याची 'आइस' ही कार्यपद्धती या मालेतील २०१० च्या (आरएफसी ५२४५) आणि २०१८ च्या (आरएफसी ८४४५) दस्तऐवजांत सविस्तर मांडली आहे. संभाव्य वाटांचा पसंतीक्रम ठरविण्यासाठी तेथे सुचविलेल्या अंकांनुसार यंत्राच्या स्वतःच्या पत्त्याला १२६, जाळ्याच्या सीमेबाहेर दिसणाऱ्या पत्त्याला १०० आणि रिलेवरील पत्त्याला ० मिळतो.

या शून्याचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते समर्थनीय आहे, परंतु त्यातून 'मध्यस्थ हा अपवाद होय' अशी समजूत रूढ झाली. अपवादाची व्यवस्था कोणी लावत नाही. परिणामी मध्यस्थाची मालकी कोणाची, त्याचा अधिकार किती आणि त्याच्याजवळच्या नोंदींचे काय, हे प्रश्न दीर्घकाळ दुय्यम राहिले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

समस्येचे स्वरूप

इंटरनेटच्या मूळ कल्पनेत जोडल्या गेलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता अभिप्रेत होता. तथापि आयपी आवृत्ती ४ मधील पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्त्यांची संख्या सुमारे ४२९ कोटींच्या पलीकडे जाऊ शकत नाही. ही टंचाई ओळखून एगेवांग व फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ द्वारे पत्त्यांच्या रूपांतराची, म्हणजे 'नॅट'ची, कल्पना मांडली. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापरासाठी काही पत्ते राखून ठेवले. घरोघरी व कार्यालयांत दिसणारे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच होत. हे पत्ते कोणत्याही संस्थेला विनापरवाना वापरता येतात, आणि म्हणूनच एकच पत्ता एकाच वेळी असंख्य जाळ्यांत असतो. प्रत्येक वाड्यात माडीवरची खोली असते. पण पाकिटावर 'माडीवरची खोली' एवढेच लिहिले तर टपाल पोचत नाही. खासगी पत्त्याची स्थिती नेमकी अशी आहे.

सीमेवरील नॅट साधन आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहाची नोंद करते, त्याला सार्वजनिक पत्ता व पोर्ट क्रमांक देते आणि त्या नोंदीशी जुळणारे उत्तरच आत सोडते. नोंद नसलेले पॅकेट टाकून दिले जाते. संकेतस्थळ पाहताना ही व्यवस्था पुरेशी ठरते, कारण तेथे आरंभ नेहमी आतील यंत्राकडून होतो. दूरध्वनीचे तसे नाही. दूरध्वनी करता येणे जितके आवश्यक, तितकेच तो घेता येणेही आवश्यक असते. दोन्ही पक्ष आपापल्या नॅटच्या आड असतील, तर प्रत्येकाचे दार आतूनच उघडते आणि बाहेरून पहिली थाप कोणालाच मारता येत नाही.

त्यात 'सिप' या संकेतन-पद्धतीच्या रचनेने भर घातली. जून २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत घंटा वाजविणे, स्वीकारणे व संपविणे हे संदेश सर्व्हरमार्फत जातात. आवाज मात्र 'आरटीपी' या स्वतंत्र प्रवाहाने शक्यतो थेट जावा अशी अपेक्षा असते. आवाज कोठे पाठवावा हे संदेशाच्या आत लिहिलेले असते आणि यंत्र तेथे स्वतःला ठाऊक असलेला खासगी पत्ता लिहिते. त्यामुळे घंटा वाजते, दूरध्वनी उचलला जातो, आणि नंतर दोन्ही बाजूंना शांतता पसरते किंवा एकाचाच आवाज दुसऱ्याला ऐकू येतो. इंटरनेट दूरध्वनीच्या जवळजवळ प्रत्येक व्यवस्थापकाला परिचित असलेला हा दोष यंत्राच्या बिघाडाचा नसून, एका दस्तऐवजाने गृहीत धरलेले जग दुसऱ्या दस्तऐवजाने बदलून टाकल्याचा परिणाम आहे.

उपायांची परंपरा

मार्च २००३ च्या आरएफसी ३४८९ ने 'स्टन' हा उपाय सुचविला. यात आतील यंत्र बाहेरच्या सर्व्हरला विचारते की आपण कोणत्या पत्त्यावर दिसतो, आणि मिळालेले उत्तर संकेतनात लिहिते. या दस्तऐवजाने नॅट साधनांचे चार प्रकारही ठरविले. त्यांतील 'सिमेट्रिक' प्रकारात प्रत्येक गंतव्यस्थानासाठी निराळी नोंद होत असल्याने स्टन सर्व्हरला दिसलेला पत्ता दुसऱ्या पक्षाला निरुपयोगी ठरतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या आरएफसी ५३८९ ने नाव तेच ठेवून त्याचा विस्तार बदलला. आधी 'सिंपल ट्रॅव्हर्सल', म्हणजे सुलभ पारगमन, असे म्हटले जात होते. आता त्याच आद्याक्षरांचा अर्थ 'सेशन ट्रॅव्हर्सल युटिलिटीज' असा झाला. चार प्रकारांचे वर्गीकरणही वगळण्यात आले. संपूर्ण उपाय म्हणून जे सादर झाले होते, ते एका मोठ्या व्यवस्थेतील साधन ठरले. नावातील 'सुलभ' हा शब्द गळून पडणे ही या क्षेत्राने स्वतःच दिलेली प्रामाणिक कबुली मानली पाहिजे.

दरम्यान, दोन्ही बाजूंनी एकाच सुमारास पॅकेटे पाठवून परस्परांच्या नॅटमध्ये नोंद निर्माण करण्याचे 'होल पंचिंग' हे तंत्र पुढे आले. फोर्ड, श्रीसुरेश व केगल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, तपासलेल्या नॅट साधनांपैकी सुमारे ८२ टक्के साधने यूडीपी प्रवाहासाठी या तंत्रास अनुकूल आढळल्याचे नोंदविले. हा आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. त्याचे वाचन मात्र सावधपणे करावयास हवे. ८२ टक्के हे प्रमाण साधनांचे आहे, संभाषणांचे नव्हे. संभाषणाला दोन टोके असतात. दोन्ही टोकांची साधने परस्परांशी असंबद्ध आहेत आणि दोन्ही अनुकूल असणे आवश्यक आहे असे धरल्यास अनुकूल जोडीची शक्यता ०.८२ × ०.८२, म्हणजे सुमारे ६७ टक्के येते. एक बाजू प्रतिकूल असूनही काही जोड्या जुळतात, म्हणून प्रत्यक्ष प्रमाण याहून अधिक असू शकते. परंतु '८२ टक्के' या आकड्यातून होणारा 'अपयश क्वचितच' असा बोध त्या आकड्याच्या आधारे करता येत नाही. दूरध्वनीची उपयुक्तता सरासरीवर ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. ज्या दोघांचे संभाषण जुळत नाही, त्यांच्यासाठी अपयश शंभर टक्के असते.

या उरलेल्यांसाठी 'टर्न' आहे. एप्रिल २०१० च्या आरएफसी ५७६६ मध्ये आणि फेब्रुवारी २०२० च्या सुधारित आरएफसी ८६५६ मध्ये त्याचे स्वरूप निश्चित झाले. यात यंत्र सार्वजनिक पत्त्यावरील रिलेकडे स्वतःसाठी एक पत्ता मागून घेते, कोणाची पॅकेटे स्वीकारावीत याची अनुमती नोंदविते आणि नंतर दोन्ही दिशांचा आवाज त्या रिलेतून जातो. संबंध नेहमी आतून सुरू होत असल्याने नॅटला हरकत घेण्यास जागा राहत नाही. आइस ही कार्यपद्धती या सर्व वाटा गोळा करते, जोडीजोडीने तपासते आणि पसंतीक्रमाने निवडते. शून्याचा प्रश्न येथे उपस्थित होतो.

शून्यामागील युक्तिवाद

रिलेला शेवटचे स्थान देण्याची दोन प्रमुख कारणे सांगितली जातात : खर्च आणि विलंब. दोन्हींची तपासणी आकड्यांनी करता येते.

जी.७११ या पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट या गतीने जातो. २० मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटमध्ये घातल्यास १६० बाइट आवाज आणि ४० बाइट शीर्ष-माहिती मिळून २०० बाइट होतात. अशी ५० पॅकेटे सेकंदाला जात असल्याने एका दिशेला ८० किलोबिट गती लागते. रिलेला दोन्ही पक्षांचे प्रवाह घ्यावे व पाठवावे लागतात, म्हणजे आत १६० आणि बाहेर १६० किलोबिट. दहा मिनिटांच्या संभाषणात रिलेतून १२ मेगाबाइट आत व तितकेच बाहेर जातात. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान गती २५६ किलोबिट ठरविली होती, त्या काळी हा भार नगण्य नव्हता. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट आहे. केवळ आवाजापुरते पाहता खर्चाचा युक्तिवाद आज बराच दुबळा झाला आहे. चित्रसंभाषणाच्या बाबतीत तो अद्याप टिकून आहे.

विलंबाचे गणित वेगळे आहे. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. प्रकाशतंतूतून हजार किलोमीटर जाण्यास सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. मुंबई परिसरातील दोन जाळ्यांमधील संभाषण सिंगापूरच्या रिलेतून नेले, तर सरळ रेषेत जाऊन येऊन सुमारे ७,८०० किलोमीटर होतात व ३९ मिलिसेकंदांची भर पडते. हाच रिले न्यूयॉर्कला असेल, तर भर सुमारे १२५ मिलिसेकंदांची होते आणि मर्यादा जवळजवळ संपते. रिले मुंबईतच असेल, तर ही भर जाणवतही नाही. याचा निष्कर्ष असा की दोष मध्यस्थ असण्यात नसून मध्यस्थ कोठे आहे यात आहे. शून्य हा अंक जवळच्या व दूरच्या, स्वतःच्या व परक्या रिलेत भेद करीत नाही.

अपवादाचे नियमात रूपांतर

आरएफसी १६३१ ने नॅटकडे अल्पकालीन उपाय म्हणून पाहिले होते. नोव्हेंबर २००२ च्या आरएफसी ३४२४ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने, असे उपाय सुचविणाऱ्यांनी त्यांतून बाहेर पडण्याची वाटही सांगावी, अशी अपेक्षा व्यक्त केली. प्रत्यक्षात घडले ते उलट. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील आयपी आवृत्ती ४ चे पत्ते संपले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाच्या साठ्याचा अखेरचा टप्पा सुरू झाला. एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने सेवापुरवठादारांच्या स्तरावरील नॅटसाठी १००.६४ पासूनचा स्वतंत्र पत्तासमूह राखून ठेवला. ग्राहकाच्या घरी एक नॅट व पुरवठादाराकडे दुसरा, अशी दुहेरी तटबंदी उभी राहिली.

आयपी आवृत्ती ६ च्या प्रसाराने हा प्रश्न आपोआप मिटेल, ही अपेक्षाही अर्धीच खरी आहे. तेथे पत्त्यांची टंचाई नाही, परंतु अनाहूत पॅकेटांना अटकाव करणाऱ्या भिंती राहतातच. जानेवारी २०११ च्या आरएफसी ६०९२ ने घरगुती साधनांसाठी अशाच अटकावाची शिफारस केली आहे. पत्ता मिळाला म्हणून दार उघडे होते असे नाही.

'मध्यस्थाविना संवाद' ही प्रतिमा ज्या सेवेने लोकप्रिय केली, तिचाच इतिहास येथे बोधप्रद ठरतो. ऑगस्ट २००३ मध्ये आलेल्या स्काइपची ख्याती समकक्ष संगणकांमधील थेट संभाषणाची सेवा अशी होती. बासेट व शुल्झरिने यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात मात्र, दोन्ही पक्ष प्रतिकूल नॅटच्या वा भिंतीच्या आड असल्यास आवाज तिसऱ्याच एखाद्या वापरकर्त्याच्या संगणकातून जातो, असे दाखविले. मध्यस्थ नाहीसा झाला नव्हता. तो अनामिक झाला होता, आणि पुष्कळदा त्या मध्यस्थालाही आपल्या भूमिकेची जाणीव नव्हती. डिसेंबर २०१० मध्ये 'सुपरनोड' संगणकांचा मोठा भाग एकाच वेळी बंद पडून ही सेवा सुमारे एक दिवस विस्कळीत झाली. २०१२ मध्ये सुपरनोडांची जागा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्व्हरांनी घेतली, आणि मे २०२५ मध्ये सेवाच बंद झाली. विखुरलेल्या अनामिक मध्यस्थाकडून केंद्रित व नामांकित मध्यस्थाकडे झालेला हा प्रवास या क्षेत्राची एकूण दिशा सूचित करतो.

विश्वासाचा प्रश्न

मध्यस्थ कायमचा असेल, तर त्याच्यावर किती विश्वास ठेवावा लागतो हा मूळ प्रश्न ठरतो. येथे 'रिले' या एका शब्दाखाली भिन्न स्वरूपाची साधने एकत्र केली जातात, ही विवेचनातील मोठी उणीव होय.

टर्न रिले पॅकेट पुढे ढकलतो. आवाज कूटबद्ध असेल तर तो त्याला उलगडत नाही. याउलट, कार्यालयीन जाळ्यांच्या सीमेवर बसविले जाणारे 'सेशन बॉर्डर कंट्रोलर' पुष्कळदा दोन्ही बाजूंशी स्वतंत्र संभाषण प्रस्थापित करतात आणि अशा वेळी आवाज त्यांच्यापाशी उघडा होऊ शकतो. एक टपालवाहक आहे, दुसरा दुभाषी. दोघांना सारखाच विश्वास देता येत नाही.

तिसरा प्रकार, ज्या पत्त्यावरून पहिले पॅकेट आले तोच खरा पक्ष मानून त्याच्याकडे आवाज वळविणाऱ्या रिलेचा. सप्टेंबर २०१४ च्या आरएफसी ७३६२ ने या 'लॅचिंग' प्रथेचे वर्णन करून तिच्यातील धोकेही सांगितले. २०१७ मध्ये 'आरटीपी ब्लीड' या नावाने उघड झालेल्या त्रुटीने ते प्रत्यक्षात दिसले : तिऱ्हाइताने योग्य पोर्टवर पॅकेटे पाठविल्यास चालू संभाषणाचा प्रवाह त्याच्याकडे वळू शकत होता. सोयीसाठी दिलेला विश्वास कोणाच्या हाती जातो, याचे हे उदाहरण होय.

कूटबद्धतेने प्रश्न संपतो असेही नाही. वेबआरटीसी या ब्राउझरमधील संभाषण-पद्धतीत कूटबद्धता अनिवार्य आहे, परंतु समोरच्याची ओळख पटविणारा ठसा संकेतन-सर्व्हरमार्फत येतो; तो सर्व्हर अप्रामाणिक असल्यास आणि ठशाची अन्य मार्गाने पडताळणी होत नसल्यास तो बदलता येतो. राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे दाखविले की आवाजानुसार पॅकेटचा आकार बदलत असल्यास कूटबद्ध प्रवाहातूनही उच्चारलेली वाक्ये काही प्रमाणात ओळखता येतात. मार्च २०१२ च्या आरएफसी ६५६२ ने त्याची दखल घेतली. आशय पूर्ण सुरक्षित राहिला तरी कोण कोणाशी, केव्हा आणि किती वेळ बोलले, हे रिलेला दिसतेच.

याच मुद्द्याची दुसरी बाजूही आहे. थेट संभाषणात प्रत्येक पक्षाला दुसऱ्याचा आयपी पत्ता कळतो, आणि त्यावरून स्थूल ठिकाणाचा अंदाज बांधता येतो. छळ करणाऱ्यापासून दूर राहू पाहणारी व्यक्ती किंवा आपला स्रोत जपणारा पत्रकार यांच्यासाठी ही थेट वाटच धोक्याची असते. म्हणूनच सिग्नलने सर्व संभाषणे रिलेमार्फत नेण्याचा पर्याय दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेही तशी सोय जाहीर केली. आइसच्या क्रमवारीत शून्यावर असलेली वाट येथे पहिल्या पसंतीची ठरते. मात्र समोरच्यापासून लपविलेला पत्ता सेवाचालकापुढे उघडच राहतो. अशा वेळी गोपनीयता वाढते असे म्हणण्यापेक्षा विश्वासाचे स्थान बदलते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

भारतीय संदर्भ

भारतातील नियमनाकडे पाहता तेथेही लक्ष अन्यत्रच केंद्रित झालेले दिसते. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली : संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातील दूरध्वनीशी बोलण्यास मुभा होती, देशांतर्गत सार्वजनिक दूरध्वनीशी नव्हती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१७ मधील शिफारशींनंतर जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक सेवापुरवठादारांसाठी हा मार्ग मोकळा केला. या चर्चेचा केंद्रबिंदू इंटरनेट व सार्वजनिक दूरध्वनी यांच्यातील सीमा हा होता. दोन खासगी जाळ्यांमधील मध्यस्थ तिच्या कक्षेत फारसा आला नाही.

नोंदींच्या बाबतीत मात्र संस्थांवर दायित्व आले आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, मध्यस्थ व संस्था यांनी आपल्या संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. गुन्ह्याच्या तपासासाठी त्यांचे मूल्य नाकारता येत नाही. परंतु रिलेच्या नोंदी म्हणजे कोण कोणाशी बोलले याची यादीच असल्याने त्या कोणाला पाहता येतील आणि मुदतीनंतर त्यांचे काय होईल, याचा निर्णय संस्थेने आधीच घ्यावयास हवा.

समारोप

वरील विवेचनावरून, रिलेचे मूल्यमापन पसंतीक्रमातील एका अंकाने पुरेसे होत नाही हे स्पष्ट होते. त्यासाठी चार प्रश्न विचारावे लागतील : रिले कोणाच्या मालकीचा व कोणत्या ठिकाणी आहे, आवाज त्याच्यापाशी उघडा होतो की बंद राहतो, नोंदी कोण, किती काळ आणि कोणासाठी ठेवतो, आणि वापरकर्त्याला तो मध्यस्थ बदलता येतो काय. यांतील शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. बाजार समितीतील अडत्या नकोसा होतो तो केवळ मध्ये असल्यामुळे नव्हे, तर त्याच्यावाचून माल विकता येत नाही अशी अवस्था निर्माण झाल्यामुळे. टर्न हे खुले मानक असल्यामुळे आणि त्याची मुक्त आज्ञाप्रणाली उपलब्ध असल्यामुळे महाविद्यालय, रुग्णालय वा सहकारी संस्था स्वतःचा रिले स्वतः चालवू शकते. बंदिस्त सेवेत ही निवड सेवाचालक करतो.

मध्यस्थाविना संवाद हे इंटरनेटचे आकर्षक स्वप्न होते आणि त्याची ओढ अनाठायी नव्हती. परंतु दोन खासगी जाळ्यांनी विभागलेल्या माणसांसाठी ते स्वप्न अनेकदा घंटा वाजूनही ऐकू न येणाऱ्या आवाजाचे ठरले. मध्यस्थाचे अस्तित्व मान्य केले, तरच त्याला नियमांनी बांधता येईल. त्याला शून्य मानत राहिल्यास तो नाहीसा होणार नाही. फक्त उत्तरदायी राहणार नाही.